गंगरेल : जाळी विसावतात ते दोन महिने

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी रायपूर स्थानकात शिरते, तेव्हा शहराचा मुख्य भाग एका अंगाला राहतो आणि गुढियारी दुसऱ्या अंगाला. धान्य, डाळी आणि किराण्याच्या घाऊक व्यापारामुळे नावारूपाला आलेली ही वस्ती म्हणजे रायपूरचा एक गजबजलेला कोपरा. छत्तीसगढ हा भाताचा मुलूख आणि भाताबरोबर मासा हे इथल्या असंख्य घरांचे आवडीचे जेवण. वर्षातले दहा महिने गिऱ्हाईक मासळीवाल्याला भाव विचारते आणि ताजेपणाची खात्री करून घेते. १६ जून उजाडला की मात्र त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हा मासा कुठल्या पाण्यातला?

या साध्या प्रश्नामागे एक जुना नियम आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात छत्तीसगढच्या नद्या, नाले आणि जलाशय यांत मासेमारीला बंदी असते. सरकारी भाषेत त्याला ‘बंद ऋतू’ म्हणतात. तो कशासाठी आहे आणि त्याचा भार कोण वाहतो, हे समजून घ्यायचे तर गुढियारीपासून नव्वदेक किलोमीटरवर असलेल्या एका विशाल जलाशयाकडे जावे लागते. त्याचे कागदोपत्री नाव रविशंकर सागर. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव आहे, गंगरेल.

डोंगरांमधला समुद्र

रायपूरहून अभनपूर, कुरूद अशी गावे मागे टाकीत रस्ता धमतरीला पोहोचतो. १९०० साली सुरू झालेली रायपूर–धमतरी ही छोट्या रुळांची गाडी अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे. ती नॅरोगेज गाडी आता इतिहासजमा झाली. धमतरीपासून पुढे रुद्रीवरून गंगरेलला जाता येते. दुतर्फा भातशेती, मग हलके हलके जवळ येणाऱ्या टेकड्या, आणि मग एकदम समोर पाणीच पाणी.

महानदी धमतरी जिल्ह्यातच सिहावाच्या डोंगराळ भागात उगम पावते. ओडिशा ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळणारी ही मोठी नदी इथे अजून बालवयात आहे. तिला अडवण्याचे काम इंग्रजांच्या काळातच सुरू झाले होते. रुद्रीचा बंधारा त्याच काळातला. तिच्या सिलियारी या उपनदीवरचे मुरुमसिल्लीचे धरण १९२३ मध्ये पूर्ण झाले. पाणी विशिष्ट पातळीवर चढले की आपोआप बाहेर खेचून टाकणाऱ्या सायफन पद्धतीच्या सांडव्यांमुळे ते आजही अभियंत्यांच्या कुतूहलाचा विषय आहे. स्वातंत्र्यानंतर दुधावा धरण झाले. गंगरेलची पायाभरणी १९७२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस धरण पूर्ण झाले.

या धरणाला १४ दरवाजे आहेत आणि त्याची साठवण क्षमता सुमारे ३२ टीएमसी आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांची क्षमता मिळून साधारण २९ टीएमसी भरते, म्हणजे हे एकटे धरण त्या चौघांना पुरून उरते. लाखो एकर भाताला पाणी, भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी, रायपूरच्या नळांना पाणी, आणि उन्हाळ्यात कालव्यांतून खेडोपाडीच्या तलावांना निस्तारासाठी सोडलेले पाणी, हे सारे याच साठ्यातून निघते. पर्यटकाला दिसते ते निळे पाणी, बेटासारख्या टेकड्या आणि नौका. पण या पाण्याखाली एक वेगळीच वस्ती नांदत असते.

तीन मजली वस्ती

गोड्या पाण्याच्या मोठ्या माशांत कटला, रोहू आणि मृगळ हे त्रिकूट अग्रगण्य. मत्स्यशास्त्रज्ञ त्यांना भारतीय प्रमुख कार्प म्हणतात. एकाच पाण्यात राहूनही हे तिघे एकमेकांच्या ताटात फारसे हात घालीत नाहीत. कटला वरच्या थरात राहतो आणि पाण्यातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य अन्नावर जगतो. मृगळ तळाशी राहून कुजलेला पालापाचोळा आणि गाळातील अन्न टिपतो. तीन मजली घरात तीन बिऱ्हाडे सुखाने राहावीत, तसा हा प्रकार.

बाजारात त्यांना ओळखणेही अवघड नाही. मोठे डोके आणि वरच्या बाजूला वळलेले रुंद तोंड दिसले की तो कटला. खवल्यांवर तांबूस झाक आणि ओठांना झालरीसारखी किनार असेल तर तो रोहू. सडपातळ, चंदेरी आणि लहान तोंडाचा तो मृगळ.

या तिघांच्या भोवती इतरांचा गोतावळा असतो. छत्तीसगढीत ज्याला पढिना म्हणतात, तो मोठ्या जबड्याचा आणि बिनखवल्यांचा शिकारी मासा महाराष्ट्रात शिवडा म्हणून ओळखला जातो. तो दुसऱ्या माशांवर जगतो आणि जगभरातील धोक्यात आलेल्या जीवांच्या यादीत आता त्याचेही नाव आहे. मिशाळ टेंगना म्हणजे आपली शिंगटी. बाम म्हणजे सापासारखी लांबट वाम. भुंडा आणि खोखसी हे मरळीच्या कुळातले. पिल्ले मोठी होईपर्यंत मरळीचे आईबाप त्यांच्या थव्याभोवती पहारा देतात, माशांच्या दुनियेत हे विशेषच म्हणायचे. मोंगरी म्हणजे देशी मांगूर, तिची चुलतबहीण शोभावी अशी सिंघी आणि काटेरी केवई, हे हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात. त्यामुळे आटत चाललेल्या डबक्याच्या चिखलातही ते तग धरतात. कोतरीसारखी बोटभर मासळी श्रीमंतांच्या ताटात क्वचित दिसते, पण काट्यासकट खाल्ली जात असल्याने गरिबाच्या घरात ती कॅल्शियमचा स्वस्त पुरवठा करते.

चढणीचे मासे

या वस्तीचे सारे गणित पावसाशी बांधलेले आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहते पाणी, पुराचा जोर आणि काठावर पसरलेला उथळ पाणथळ भाग लागतो. मृगाचा पाऊस कोसळून ओढे फुगले, नदीचे गढूळ पाणी जलाशयात शिरू लागले, की पोटात अंडी भरलेल्या माद्या आणि त्यांच्यामागे नर प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात.

मराठी माणसाला हे दृश्य नवे नाही. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांना आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो. कोकणात त्यालाच ‘वलगण’ म्हणतात. टोपल्या, पोती, काठ्या, जे हाती लागेल ते घेऊन आख्खे गाव ओढ्यावर लोटते. उथळ पाण्यात अंगभर अंडी वाहणारा मासा धड पळूही शकत नाही. त्या दिवसांत मासा पकडायला ना कौशल्य लागते, ना चांगले जाळे. आणि नेमकी तीच या दिवसांतील आपत्ती आहे.

चांगल्या वाढलेल्या रोहूच्या मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे लाख-दोन लाख अंडी असू शकतात. अनुकूल पाण्यात ती १५ ते २० तासांत फुटतात. त्यांतून निघालेल्या जिवांपैकी बहुतेक इतर माशांच्या, बेडकांच्या आणि पाणकिड्यांच्या पोटी जातात. वाचून मोठे होतात ते अगदी थोडे. निसर्गाने ही नासाडी हिशेबात धरूनच अंड्यांची संख्या लाखांत ठेवली आहे. माणसाने मात्र अंडी घालण्यापूर्वीच मादी उचलली, तर हिशेबच मिटतो. आपल्याकडे खवय्ये माशाच्या गाभोळीला मेजवानी समजतात. जुलैतल्या नदीच्या रोहूची गाभोळी तव्यावर पडते, तेव्हा त्याबरोबर पुढच्या काही वर्षांची मासळीही पडलेली असते.

नियम काय सांगतो?

मासेमारीवरील कायद्यांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंगाचा स्फोट घडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा मत्स्योद्योग कायदा १९४८ चा. पुढे मध्य प्रदेशात १९७२ मध्ये नदीतील मासेमारीचे नियम झाले आणि २००० साली छत्तीसगढ वेगळे राज्य झाल्यावर तेच पुढे चालू राहिले.

या नियमांनुसार १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत नद्या-नाले आणि त्यांच्यावर बांधलेले लहान-मोठे जलाशय यांत मासे मारता येत नाहीत. नियम मोडणाऱ्याला कारावास आणि दंडाची तरतूद आहे. मात्र दोन ठिकाणी सूट आहे. ज्या लहान तलावांचा कुठल्याही नदी-नाल्याशी संबंध नाही, त्यांना ही बंदी लागू नाही. तसेच जलाशयात तरंगत्या पिंजऱ्यांत वाढवलेले मासे काढायला मोकळीक आहे. पंगास, तिलापिया यांसारखे मासे तिथे बाहेरून आणून, खाद्य घालून वाढवलेले असतात. त्यांच्या काढणीने नदीचे काही बिघडत नाही.

म्हणूनच गुढियारीच्या गिऱ्हाइकाने विचारायचा तो प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या दोन महिन्यांत बंद तलावातला किंवा पिंजऱ्यातला मासा घेण्यात काहीच गैर नाही. नदीचा आणि धरणाचा ‘गावठी’ मासा म्हणून कोणी जास्त भाव सांगत असेल, तर तिथेच पिशवी मिटावी. माल विकला गेला नाही तर रात्रीच्या अंधारात जाळे टाकायला कोण जाईल?

आणखी एक बंदी बाराही महिने लागू आहे. थाई मांगूर आणि बिगहेड या परदेशी माशांचे पालन आणि विक्री करण्यास मनाई आहे. थाई मांगूर मूळचा आफ्रिकेतला, पराकोटीचा खादाड. पुराच्या पाण्याबरोबर तो तलावातून नदीत शिरला की देशी मोंगरीसकट समोर येईल तो जीव फस्त करतो. बाजारात त्याच्यासाठी ‘मांगूर’ एवढेच नाव वापरले जाते, म्हणून गिऱ्हाइकाने सावध राहायला हवे. देशी मांगूर आकाराने लहान असतो आणि सावकाश वाढतो. दोन-तीन किलोंचा काळपट मांगूर स्वस्तात मिळत असेल, तर तो देशी नव्हे हे नक्की समजावे.

अनुगुळचा शोध

साचलेल्या पाण्यात अंडी न घालणारे मासे गंगरेलसारख्या जलाशयात टिकतात कसे? काही प्रमाणात वरच्या नदीतून आलेली पिलावळ त्यात भर घालते. पण एवढ्या मोठ्या पाण्याला ती पुरत नाही. दरवर्षी त्यात मासे सोडावे लागतात.

पूर्वी मत्स्यबीजासाठी पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून नदीतूनच ते गोळा करीत. त्यात हव्या त्या माशांबरोबर नको तेही येत. १० जुलै १९५७ रोजी चित्र पालटले. ओडिशातील अनुगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली. ज्या अनुगुळ जिल्ह्याच्या कडेने पुढे हीच महानदी वाहते, तिथे हा शोध लागावा हा सुखद योगायोग. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो.

अंड्यातून निघालेले जिऱ्याएवढे पिल्लू ते मत्स्यजिरे, थोडे वाढले की मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. मोठ्या जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते. त्याहून लहान पिल्ले सोडणे म्हणजे पढिन्याला आयते जेवण वाढणे. मग कोणी म्हणेल, बोटुकली विकत मिळते, तर बंद ऋतू हवाच कशाला? पण हे बीज केंद्रे तयार करतात ते मुख्यत्वे तीन-चार जातींचेच. पढिना, टेंगना, बाम, कोतरी यांच्यासाठी जलाशयात सोडायचे बीज सहसा नसतेच. त्यांचा पाळणा फक्त पावसाळ्यातली नदी हलवते. आणि बीजकेंद्रांनाही चांगल्या वाणाचे नर-मादी शेवटी नदीतूनच अधूनमधून आणावे लागतात.

पाणी कोणाचे, मासा कोणाचा?

मासे पकडण्याचा हक्क पाण्याच्या आकारानुसार ठरतो. छत्तीसगढच्या मत्स्यधोरणानुसार १० हेक्टरपर्यंतचे तलाव ग्रामपंचायत पट्ट्याने देते. १० ते १०० हेक्टरांचे जनपद पंचायतीकडे, म्हणजे आपल्या पंचायत समितीसारख्या संस्थेकडे, आणि १०० ते २०० हेक्टरांचे जिल्हा पंचायतीकडे असतात. त्यावरचे हजार हेक्टरांपर्यंतचे जलाशय मत्स्य खाते सांभाळते. हजार हेक्टरांहून मोठे राज्य सहकारी मत्स्य महासंघाकडे जातात. गंगरेल भरल्यावर त्याचा विस्तार हजारो हेक्टरांचा होतो, त्यामुळे ते शेवटच्या गटात येते.

कागदावर हे सोपे दिसते. काठावर तसे नसते. गंगरेलच्या पाण्याखाली ५२ गावे गेली. शेते गेली, घरे गेली, आणि गावदेवीही काठावर आणून बसवावी लागली. धरणाजवळचे अंगारमोती मातेचे ठाणे हे बुडालेल्या मुलखाची आठवण आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे मोठी मडई भरते आणि दूरदूरची माणसे येतात. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांची जमीन पाण्यात गेली, त्यांतल्या अनेकांना जगण्यासाठी त्याच पाण्यावर यावे लागले. केवट, निषाद, ढीमर या परंपरागत मच्छीमार समाजांबरोबर काठावरचे आदिवासीही जाळे टाकू लागले. हा ढीमर म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या आपल्या ढीवराचाच भाऊबंद. विदर्भातल्या तलावांवर ढीवरांच्या सोसायट्यांना जे प्रश्न पडतात, तेच इथेही पडतात : ठेका कोणाला मिळणार, आणि पकडलेल्या माशाचा भाव कोण ठरवणार?

दोन महिन्यांची चूल

बंद ऋतूचा खरा भार या घरांवर पडतो. शहरातल्या कुटुंबाला दोन महिने धरणाचा मासा मिळाला नाही तर ते तलावातला घेते, नाहीतर चिकन आणते. मच्छीमाराच्या घरात मात्र रोजची मिळकतच थांबते, आणि तीही अशा दिवसांत की छप्पर शाकारायचे असते, मुलांच्या शाळा उघडलेल्या असतात आणि वह्या-पुस्तके घ्यायची असतात. नियम मोडणाऱ्याला चोर म्हणणे सोपे आहे. रिकामी चूल समोर असताना तो पाळणे कठीण आहे.

यावर उपाय म्हणून बचत आणि साहाय्य अशी दुहेरी योजना आखली गेली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही तिला स्थान मिळाले. मच्छीमाराने कमाईच्या महिन्यांत १५०० रुपये साठवायचे, सरकारने त्यात ३००० रुपयांची भर घालायची आणि ही ४५०० रुपयांची रक्कम मंदीच्या तीन महिन्यांत त्याला परत द्यायची. म्हणजे महिन्याला १५०० रुपये, दिवसाला ५० रुपये. तेवढ्यात घर चालत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरीही ही मदत वेळेवर हातात पडली, तर सावकाराकडचा एक फेरा वाचतो. ती बंदी उठल्यानंतर मिळाली, तर तिचा उपयोग निम्मा होतो.

अनेक घरे या काळात भाताच्या रोवणीला जातात. घरातल्या बाया आवण उपटतात, पुरुष बांध घालतात, आणि सवडीने जाळी विणली जातात, फाटलेली सांधली जातात. शेत आणि पाणी यांच्या कामांची ही वाटणी जुन्या लोकांनी अंगवळणी पाडून घेतली होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी बांधव जून-जुलैत होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, त्यामागचे शहाणपणही हेच. समुद्र काय नि नदी काय, पावसाळ्यात पाण्याला त्याचा वेळ द्यावा लागतो.

गंगरेलला जाणाऱ्यांसाठी

रायपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. धमतरीपर्यंत बसगाड्यांची रीघ असते, तिथून पुढे स्थानिक वाहन मिळते. मुक्काम करायचा तर काठावर पर्यटकांसाठी निवासाची सोय आहे, सुटीच्या दिवसांत आधी ठरवून गेलेले बरे. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. धरण भरून दरवाजे उघडले जातात, तेव्हा ते पाहायला झुंबड उडते. अशा वेळी खालच्या पात्रात उतरण्याचे धाडस मुळीच करू नये.

हौसेने गळ टाकायचा असेल, तर पाण्यावरचा हक्क कोणाकडे आहे हे विचारून परवानगी घ्यावी, आणि बंद ऋतूत गळ घरीच ठेवावा. नियम जाळ्याला आहे तसा गळालाही आहे. मुलांना माशांची नावे शिकवायची असतील, तर ऑगस्टच्या अखेरीस पहाटे काठावर जावे. रात्रीची जाळी काढून होड्या परतत असतात. मासळी काठावर ओतली की कटल्याचे डोके, रोहूचे तांबूस खवले आणि टेंगनाच्या मिशा एकाच ढिगाऱ्यात पाहायला मिळतात. तिथे दोन पैसे जास्त देऊन मासा घेतला, तर ते पैसे दोन महिने हात बांधून बसलेल्या माणसाच्या घरी जातात. पंधरा ऑगस्टनंतरचा मासा चवीला गोड लागतो, असे नाही. पण तो नदीचे देणे चुकते करून आलेला असतो.